तोंड बघून फेडलेलं देणं

गिरणगावातल्या घरांवर कर्ज कधी चढलं असं विचारलं, तर आमच्या पिढीतला कुणीही १८ जानेवारी १९८२ ही तारीख सांगेल. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप त्या दिवशी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्यामुळे पुढची सगळी ओढाताण, लांबलेली लग्नं, सुटलेल्या शाळा, गेलेलं सोनं, सगळं त्या एका तारखेच्या खाती मांडायची आम्हांला सवय झाली आहे. मला ते पुरतं पटत नाही. कर्जदार आम्ही आधीपासूनच होतो. संपाने ते झाकणारा पगार तेवढा काढून घेतला.

संपाआधी साचेवाल्याचा, म्हणजे माग चालवणाऱ्याचा, पगार महिन्याला सहा-सातशेच्या घरात. पगाराच्या संध्याकाळी लालबाग-परळच्या चाळींतून दारोदार एकच हिशेब चालायचा. पतपेढीचा हप्ता गिरणीतच कापला गेलेला असे. उरलेल्यातून आधी वाण्याची वही, मग गावची मनीऑर्डर, भिशी, दूधवाला. खोलीचं भाडं त्यातल्या त्यात किरकोळ. पंचवीस तारीख उलटली की वाण्याकडे पुन्हा ‘मांडून ठेवा’ सुरू. हे झालं पोटापुरतं. मोठी देणी पोटासाठी नव्हतीच. ती आत्याच्या लग्नाची, गावच्या घरावरच्या कौलांची, आजोबांच्या दिवसकार्याची, गणपतीला गावी जाऊन आल्याची. चाकरमान्याने रिकाम्या हाताने घाटावर-कोकणात उतरायचं नसतं हा दंडक मुंबईतल्या किती घरांना किती हजारांना पडला, याचा हिशेब कुणी केलेला नाही. बाबा मात्र दरवर्षी गौरी-गणपती झाले की एक-दोन महिने ओव्हरटाइम मागत फिरायचे.

बदली कामगाराची गत आणखी वाईट. त्याने रोज गिरणीच्या दाराशी उभं राहायचं. कायम माणसांचे खाडे पडले तर याला काम. कायम नाही म्हणून पतपेढीचं कर्ज नाही, आणि पतपेढी नाही म्हणून बाहेरचं महाग कर्ज. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याला पैसा सर्वांत महाग. बदलीवाल्यांना कायम करा ही संपातली एक मोठी मागणी होती, हे आज पगारवाढीच्या आकड्यांच्या गर्दीत विसरलं जातं.

आमच्या आजोबांच्या पिढीचं कर्ज आम्ही फक्त ऐकलं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाज्यावर काठी घेऊन वसुलीला उभा असलेला पठाण, आणि त्याला चुकवायला मागच्या भिंतीवरून उडी मारलेले तरुण आजोबा, ही गोष्ट चाळीतल्या प्रत्येक घरात होती. प्रत्येक घरातले आजोबा त्याच भिंतीवरून कसे उडाले असतील हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. व्याजाचा दर मात्र गोष्टीतला नव्हता. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंच्याहत्तर. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने इथल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात निघाली, आणि ते कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढं होतं. संपाच्या साठ वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणून म्हटलं, एकट्या १९८२ वर सगळं ढकलू नये.

मधेच एकदा कर्ज सरकारने पुसलं होतं. आणीबाणीत, १९७५ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने वटहुकूम काढून छोटे शेतकरी, कारागीर, मजूर आणि कमी मिळकतीचे कामगार यांची सावकारी देणी रद्द केली; गहाण ठेवलेले दागिनेही परत द्यायचे होते. सावकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ साली हरले. आमच्या आजीची पुतळ्यांची माळ त्या धडाक्यात सुटून आली. आजी इंदिरा गांधींना त्यासाठी शेवटपर्यंत मानायची. घरातले बाकीचे सगळे आणीबाणीच्या नावाने बोटं मोडायचे. पण तीच आजी पुढचंही सांगायची. पुढच्या नडीला ती त्याच सावकाराच्या पेढीवर गेली, तेव्हा त्याने गहाणाचा कागद केलाच नाही. माळ विकत घेतल्याची पावती फाडली आणि तोंडी म्हणाला, “आणाल तेव्हा न्या.” तोंडी शब्दावर गेलेली माळ परत आली नाही. कर्ज पुसता येतं. नड पुसायला मात्र कुणी वटहुकूम काढत नाही, असं तिच्या बोलण्याचं तात्पर्य होतं. अर्थात तिचे शब्द याहून बरेच तिखट असत.

संपाचे पहिले तीन-चार महिने घरात जवळजवळ सुट्टीचं वातावरण होतं. बाबा दिवसा घरी, सभा, मोर्चे, ‘डॉक्टर म्हणतात’ने सुरू होणारी वाक्यं. गावाकडून धान्य येत होतं, संघटनाही धान्य वाटत होत्या. ज्यांची शेती होती ते बायका-मुलांसह गावी गेले आणि चाळीतल्या बऱ्याच खोल्यांना कुलपं लागली. पावसाळा आला तसं हे ओसरलं. जून म्हणजे शाळांच्या वह्या-पुस्तकं, गळकं छप्पर आणि गावी पेरणीला पैसे पाठवायची वेळ. घरातलं तांबं-पितळ त्याच पावसाळ्यात गेलं. आधी गावाहून आलेला मोठा हंडा, मग घागरी, मग तपेलं. भांडी मोडीत निघतात तेव्हा नक्षीला किंमत नसते, नुसतं वजन बघतात. आईने हंड्यावर कोरलेलं आजोबांचं नाव दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, “बाई, नाव पण वजनात धरलंय.”

मग सोनं. त्याविषयी पुढे सांगतो, कारण ते सर्वांत आधी गेलं नाही आणि सर्वांत शेवटीही परत आलं नाही.

१९८३ च्या उत्तरार्धापर्यंत संप विरून गेला होता. त्या ऑक्टोबरात सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. काहींना परत कामावर घेतलं, हजारोंना नाही. आमचे बाबा परत लागले, पण आता पूर्वीपेक्षा जास्त साचे सांभाळायचे आणि वर मान करायची नाही. तोवर घरावर किती देणं होतं ते आईच्या वहीत होतं. आई चौथी शिकलेली. आमच्या शाळेच्या वह्यांची कोरी पानं फाडून, दोऱ्याने शिवून तिने वही केली होती. त्यात नावं नसत. शेट, पेढी, पतपेढी, डोंबिवली, कोपऱ्यावरची. डोंबिवली म्हणजे आत्या. कोपऱ्यावरची म्हणजे खानावळवाली. ही वही पुढे जवळपास दहा वर्षं चालली आणि आम्हां भावंडांना व्यवहार जो काही कळतो तो त्या वहीवरून.

आज बँकेतला कुणी सल्लागार भेटला तर सांगेल की सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा. गणिताने बरोबर आहे. आमच्या घरांनी हे केलं नाही. व्याज बघून नाही, तोंड बघून देणं फेडलं. रोज ज्याचं तोंड बघायचं आणि उद्या ज्याच्याकडे पुन्हा हात पसरायचा, त्याचं आधी. या क्रमाने वाण्याला, जो व्याज घेत नव्हता, पहिला पैसा गेला. आणि पेढी, जी महिना शेकडा तीन घेत होती, ती मागे राहिली. वेडेपणा वाटेल. पण वाण्याची वही बंद झाली तर दुसऱ्या दिवशी चूल बंद. पेढीवरचं सोनं बिचारं पडून राहतं, त्याला भूक लागत नाही. हा हिशेब अडाणी नव्हता. त्यातला अन्याय कुठे होता ते मला फार उशिरा दिसलं, आणि तो गणितात नव्हता.

आमचा वाणी कच्छी. सगळी चाळ त्याला शेट म्हणे. तोही स्वतःला शेट समजत असे, पण भाड्याच्या गाळ्यात पोत्यांवर झोपायचा. संपात त्याने जवळजवळ वर्षभर आमच्यासारख्या कित्येक घरांना उधार दिलं. त्याला देवमाणूस ठरवायची मला घाई नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला तांदूळ वेगळ्या पोत्यातला मिळे आणि भावही दोन-चार आणे वर लागे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तोही मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याकडून उधारीवरच माल उचलत होता. एकदा बाबा त्याला टाळून पलीकडच्या फुटपाथने गेले, तेव्हा त्याने भर रस्त्यात हाक मारली. “भाऊ, पैसे नाय तर नाय, पण तोंड दाखवा. मला पण तिकडे मस्जिदला तोंड दाखवावं लागतं.” त्यानंतर बाबा कधी रस्ता बदलून गेले नाहीत. कामाला परत लागल्यावर दर पगाराला चालू महिन्याचं पूर्ण बिल आणि वर जुन्यातले पन्नास असं ठरलं. जुनं खातं मिटायला तीन दिवाळ्या गेल्या. मिटलं त्या दिवशी शेटने अर्धा किलो खडीसाखर दिली आणि बरोबर त्याच दिवसापासून आमचा तांदूळ चांगल्या पोत्यातून यायला लागला.

खानावळवालीचं तोंड त्याहून अवघड होतं, कारण ती आपल्यातलीच. गिरणगावात बायका-मुलं गावी ठेवून आलेले पुरुष गाळ्यांत वीस-वीस, तीस-तीस राहत आणि महिनेवारीने खानावळीत जेवत. जेवण आधी, पैसे पगाराला. म्हणजे खानावळवाली दर महिन्याला पंधरा-वीस माणसांना कर्ज देत होती आणि त्यासाठी स्वतः वाण्याकडून उधार आणि पेढीवर मंगळसूत्र ठेवून पैसे उचलत होती. दोन्ही बाजूंनी पिळली जाणारी ही बाई प्रेमा पुरव यांनी नेमकी ओळखली. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. १९७५ साली १४ खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्रत्येकी १५०० रुपयांचं कर्ज मिळवून देऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात केली. सही न येणाऱ्या, गहाण टाकायला काही नसलेल्या बायकांना बँक पैसे देते ही बातमी चाळीचाळींतून फिरली, आणि त्या बायका हप्ते फेडतात ही त्याहून जास्त.

आमची कोपऱ्यावरची त्या मंडळात होती. संपात तिचे खाणारे महिन्यांची बाकी ठेवून गावी गेले. कुणी परत येऊन दिली, कुणी नाही. माझे धाकटे काका लग्नाआधी तिच्याकडेच जेवायचे. त्यांची बाकी आईने आपल्या वहीत घेतली. दिराने खाल्लेलं भावजय का फेडते, असं आम्ही विचारलं. आई म्हणाली, “तिच्या दारावरून मला रोज पाण्याला जायचंय. काका तुझा राहतो तिकडे भिवंडीला.” काका तेव्हा भिवंडीच्या पॉवरलूमवर लागले होते. गिरण्यांचं कापड तिकडे सरकलं आणि मागोमाग माणसंही. तिथे पगार रोजावर, फंड नाही, काही नाही.

नुसतं काटकसर करून यातलं काहीच फिटलं नसतं. आम्ही काटकसरीची कौतुकं फार करतो. चहात दूध कमी घालून कुणाचं मंगळसूत्र सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. फिटलं ते घरातल्या प्रत्येक हाताने काही ना काही कमावून आणलं म्हणून. पापडाचं काम त्यात पहिलं, कारण त्याचे पैसे रोजच्या रोज. सात बायकांनी १९५९ साली गिरगावात गच्चीवर ८० रुपये उसने घेऊन जो लिज्जत पापडाचा उद्योग मांडला, त्याची केंद्रं तोवर मुंबईभर झाली होती. सकाळी भिजवलेलं पीठ घेऊन यायचं, घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी वाळवलेले पापड तोलून द्यायचे आणि मजुरी घेऊन नवं पीठ आणायचं. दहा बाय बाराच्या खोलीत, पोटमाळ्यावर, कॉटवर, आमच्या अभ्यासाच्या पाटीवर, जिथे सपाट जागा दिसेल तिथे पापड. त्याखेरीज टिकल्या कार्डावर चिकटवणं, राख्या, साडीला फॉल, लालबागच्या मिरची गल्लीतल्या दुकानांसाठी मिरच्यांची देठं खुडणं. देठं खुडल्यावर डोळ्यांना हात लावायचा नसतो हे आमच्या धाकटीला शिकवावं लागलं नाही, एकदाच लागला. गणपतीच्या आधी कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला पोरं जात, दिवाळीला कंदील. गिरणी सुटलेल्या बापांनी वडापावच्या गाड्या लावल्या, भाजीच्या पाट्या घेतल्या, रात्री सोसायट्यांच्या गेटवर टोपी घालून बसले. ज्या माणसाने वीस वर्षं चार-चार साचे चालवले त्याला कांदे-बटाटे ओरडून विकता येत नव्हते. आमच्या शेजारचे तात्या पाटी घेऊन बसत आणि गिऱ्हाईक आलं की खाली बघत. विकायचं काम शेवटी काकूंनी घेतलं. तात्या वजन करायचे.

भिशीचं सांगायला हवं. संपाआधी आमच्या मजल्यावर वीस जणींची भिशी होती, महिना पन्नास, एकीला हजार. चिठ्ठी निघे, पण खरी नड असेल तर आधी मागून घेता येई. संपात ती फुटली. ज्यांनी सुरुवातीलाच हजार उचलले त्यांना पुढचे पन्नास भरता येईनात, आणि ज्यांची पाळी शेवटी त्या बुडाल्या. नळावर जी भांडणं झाली ती पुढे दोन-दोन वर्षं मिटली नव्हती. १९८४-८५ ला पुन्हा सुरू झाली ती शहाणी होऊन. दहाच जणी, दहा रुपये, आणि आठवड्याची. बुडाली तरी कुणी मरणार नाही एवढीच. त्याच जोडीला भांड्यांची भिशी निघाली. दर महिन्याला एकीच्या घरी स्टीलचं भांडं. आमच्या घरातलं तांबं-पितळ असं स्टील होऊन परत आलं. डबा, परात, कळशी. आई त्यातल्या प्रत्येकावर नाव कोरून घ्यायची. आजोबांचं नाही, स्वतःचं.

आता जामीनकी. पतपेढीच्या कर्जाला दोन जामीन लागत, आणि गिरणीत जामीन राहणं म्हणजे मैत्रीचा पुरावा. बाबा आपल्या खात्यातल्या एका मित्राला जामीन होते. संपात तो राजापूरकडे गेला तो परत आलाच नाही. बाबा कामावर लागले आणि त्याच्या कर्जाचा हप्ता बाबांच्या पगारातून कापला जायला लागला. कायद्याने ते बरोबरच होतं. घरात मात्र यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नाहीत. आईचं म्हणणं, चिठ्ठी लिहा, मागा. बाबांचं म्हणणं, असते तर त्याने दिले असते. त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. मग एका मे महिन्यात परळ डेपोत एसटीच्या टपावरून एक पोतं आमच्या नावाने उतरलं. आत तांदूळ, कुळीथ, आमसुलं आणि एक फणस. दरवर्षी येऊ लागलं. पुढे दोन उन्हाळे आम्ही भावंडं त्याच्या घरी जाऊन राहिलो. आईने वहीत त्याच्या नावासमोर पोती लिहिली आणि बाजूला त्या वर्षीचा तांदळाचा भाव. तिचा हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही, तिने तो सोडलाही नाही.

सगळ्यांचं असं फिटलं नाही. आमच्याच मजल्यावरच्या एकाने महिना शेकडा दहाने पैसे उचलले आणि एका रात्री खोली बंद करून कुटुंबासकट निघून गेला. कुठे ते आजही कुणाला ठाऊक नाही. एकाने दारूत घालवलं. दोन घरांतली मुलं ज्या मार्गाने पैसे आणू लागली त्याची पुढे वर्तमानपत्रात बातमी आली. आम्ही जे आज जमून हसत-हसत जुन्या गोष्टी सांगतो ते बहुतेक कसेबसे काठाला लागलेले. बाकीचे या आठवणी काढायला आमच्यात नाहीत.

सोन्याकडे येतो. आईच्या चार बांगड्या आणि एकदाणी १९८२ च्या गणपतीत पेढीवर गेली. तेव्हा सोनं तोळ्याला सोळा-सतराशे रुपये. महिना शेकडा तीन व्याज, म्हणजे तीन वर्षांच्या आतच व्याज मुद्दलाएवढं. वाणी, खानावळ, पतपेढी, जामीनकी असा क्रम लावताना पेढी दरवेळी खाली ढकलली गेली, कारण सोन्याचा तगादा लावायला कुणी दारात येत नव्हतं आणि ज्या बाईचं होतं तीच वही लिहीत होती. १९८६ च्या आसपास पेढीने ते मोडून टाकलं. व्याज-मुद्दल वळतं करून उरलेले थोडेसे पैसे हातात ठेवले. १९९० च्या सुमाराला तोळा तीन हजारांच्या वर गेला आणि परत घेण्याचा विषय संपला. हा तो अन्याय, जो मी वर म्हटला. व्यवहार म्हणून आईचा क्रम शहाणपणाचा होता, आणि त्या शहाणपणाची किंमत त्या मजल्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बाईने स्वतःच्या अंगावरून उतरवून दिली. संपावर पुस्तकं झाली, नाटक-सिनेमे झाले. गिरणगावातल्या बायकांचं किती किलो सोनं या संपाने खाल्लं ते कुठेच लिहिलेलं नाही. बाबांना हे बोललं की ते उठून गॅलरीत जात.

आमच्या पिढीने देण्याची रीत बदलली. हप्ता बँकेतून आपोआप जातो, कुणाचं तोंड बघावं लागत नाही, कुणी रस्त्यात हाक मारत नाही. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली. घराची किंमत साडेसात लाख. वर्गमित्रांपैकी ज्यांच्या वडिलांचं नाव लागलं त्यांनी कर्ज काढून ती घेतली. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला बँक कर्ज देईना म्हणून मुलाच्या नावावर, मुलाची नोकरी कंत्राटी म्हणून सुनेच्या. एका मित्राच्या वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही करताना विचारलं, “जामीन कोण?” घरच जामीन आहे असं सांगितल्यावर त्यांना ते काही केल्या पटेना.

आमच्या घरचं शेवटचं देणं डोंबिवलीचं. आत्याने १९८३ मध्ये हातउसने दिलेले. व्याज नाही, कागद नाही, तगादा नाही, म्हणून क्रमात सगळ्यांच्या मागे. मोठ्या भावाला नोकरी लागून पहिला बोनस मिळाला तेव्हा त्याने आईसाठी बांगड्यांचं काढलं. आई म्हणाली, “आधी डोंबिवली.” मग आम्ही सगळेच एका रविवारी गेलो. आत्या म्हणेल ‘राहू दे गं, घरचेच ना’, अशी आमची खात्री होती. आत्याने चहा दिला, पैसे घेतले, अंगठ्याला थुंकी लावून मोजले, पुन्हा मोजले. मग उठून देव्हाऱ्याखालच्या खणातून तिने स्वतःची वही काढली.

“दोनशे कमी आहेत,” आत्या म्हणाली.

“वन्सं, ते दोनशे मी तुमच्या मंग्याच्या मुंजीत दिले होते,” आई पिशवीतून आपली वही काढत म्हणाली.

“तो आहेर होता.”

“आहेराचं लुगडं वेगळं दिलं होतं. हे बघा, इथे लिहिलंय.”

दोघी वह्या मांडून बसल्या. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी दोनशे रुपयांचा निकाल लागेना. बाबा आणि आतोबा मधेच उठून स्टेशनकडे पान खायला गेले. पाचच्या लोकलने निघायचं होतं. आम्ही सातची धरली.